दुसऱ्या वळणावरची खडी

फेटेवाल्याने हनुवटी वर ढकलून मान सरळ केली, तेव्हा केरूचं डोकं आधीच तापलेलं होतं. सकाळी सातला तो घाटातल्या दुसऱ्या वळणावर खडी झाडत होता. निम्मीसुद्धा झाडून झाली नव्हती, तोच बांधकाम खात्याची जीप आली आणि त्याला खराट्यासकट उचलून घाटाच्या पायथ्याला, कार रॅलीच्या मांडवात आणून उभं केलं. म्हणे, आज तुझा सत्कार.

केरू मैलकुली होता. घाटातल्या पाच मैलांची दरड उचलायची, मोऱ्या मोकळ्या करायच्या, कठड्याच्या दगडांना चुना फासायचा, हे काम तो एकतीस वर्षं करत आला होता. खात्याने नवे मैलकुली भरणं कधीच बंद केलं होतं आणि हा शेवटचा गडी महिनाअखेर घरी बसणार होता. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर त्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती. आज मात्र सातारा ते सांगली रॅलीची पहिली गाडी सोडायला हिरवा झेंडा त्याच्या हातात देणार होते, कारण पाहुण्यांना फोटोत एक साधा माणूस हवा होता.

त्याचंही त्याला काही वाटलं नसतं. राग वेगळाच होता. ड्रोनमधून रस्ता नवाकोरा दिसावा म्हणून ठेकेदाराने रात्रीत त्या वळणावर डांबर शिंपडून बारीक खडी टाकली होती आणि रोलर न फिरवताच तो निघून गेला होता. रोलर इथे होता, मांडवापुढची जमीन चोपायला. केरूने हे ओव्हरसिअर दादासोंना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा दादासो बघू म्हणाले आणि कुणाला तरी नमस्कार करायला पळाले. चौथ्यांदा केरूने त्यांना आडवंच घेतलं.

"आवं साहेब, चाळीस गाड्या सुसाट येणार. एक जरी घसरली तर थेट दरीत."

"मामा, आजच्या दिवस गप ऱ्हावा. मोठी माणसं आल्यात."

अकरा वर्षांपूर्वी त्याला असंच गप केलं होतं. तेव्हाही त्याच वळणावर सुटी खडी होती आणि त्याला तिथून उचलून हेलिपॅड झाडायला नेलं होतं. सोनम नर्सबाई लशींचा डबा घेऊन स्कूटरवरून वस्तीवर निघाल्या होत्या. केरू परत आला तेव्हा रस्त्यावर डबा होता आणि रक्त. त्याने चार घागरी पाणी आणून ते धुतलं. बाई वाचल्या नाहीत, आणि चौकशीच्या कागदावर स्कूटर चालवणाऱ्याचीच चूक, असं लिहून आलं. तेव्हा आपण साहेबाच्या जीपपुढे आडवे का पडलो नाही, म्हणून तो आजवर स्वतःवरच दात खात होता.

हलगी थांबली. निवेदन करणाऱ्या शिवतेजने त्याला रस्त्याचा राजा म्हणून पुकारलं. पाहुण्यांनी हिरवा झेंडा हातात दिला, फोटोवाले सरसावले. पहिल्या गाडीत हेल्मेट घातलेली मुलगी होती. दारावर तिचं नाव लिहिलेलं होतं, अंकिता.

केरूने हिरवा झेंडा खुर्चीवर ठेवला आणि खराट्याबरोबर मंचाखाली ठेवलेल्या पिशवीतून स्वतःचं निशाण काढलं. काम चालू असलं की वळणाच्या अलीकडे रोवायचं ते लाल निशाण, उन्हाने विटलेलं, बाभळीच्या काठीला बांधलेलं. ते उंच धरून तो रॅलीच्या कमानीखाली, बरोबर गाडीपुढे जाऊन उभा राहिला.

लोक हसले. म्हातारा रंग चुकला असं त्यांना वाटलं. शिवतेज माइक घेऊन जवळ आला आणि मामा, हिरवा, हिरवा म्हणू लागला. दादासोंनी धावत येऊन केरूचा दंड धरला.

"हात सोडा," केरू म्हणाला, आणि माइकमधून ते मांडवभर गेलं. "दुसऱ्या वळणाला सुटी खडी हाय. रोलर फिरला न्हाई. सोनमबाईंच्या येळंला मी गप बसलो. आज न्हाई बसायचा. खडी झाडल्याबिगर एक गाडी वर जाणार न्हाई."

पाहुण्यांचं तोंड कडू झालं. कुणीतरी हिरवा झेंडा उचलून जोरात हलवला. गाडी हलली नाही. अंकिताने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि लाल निशाण समोर असताना आम्ही गाडी काढत नाही, असं शिवतेजला सांगितलं. मागची इंजिनंही एकेक करून थांबली.

केरूने फेटा उतरवून फेटेवाल्याला परत दिला, मंचाखालचा खराटा घेतला आणि चढ चढू लागला. जीप कुणी देऊ केली नाही, त्यानेही मागितली नाही. वळणाच्या अलीकडे निशाण रोवून त्याने सोनमबाई पडल्या होत्या तिथूनच झाडायला सुरुवात केली. खाली पाहुणे रस्ते सुरक्षेवर बोलत होते, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

तासाभराने त्याने डांबरावर तळवा फिरवून पाहिला, निशाण उपटलं आणि कठड्याशी येऊन खाली रिकामा हात हलवला. गाड्या सुटल्या. त्याच्या अंगावर धूळ उडवत चाळीसच्या चाळीस वळण घेऊन वर गेल्या.

सगळ्यांत शेवटी दादासोंची जीप आली. काच खाली करून ते म्हणाले, उद्या लेखी खुलासा द्यावा लागेल.

"देतो की," केरू म्हणाला. त्याने कडेच्या ढिगातली ओंजळभर खडी उचलली आणि जीपमध्ये त्यांच्या फायलीवर ओतली. "आन ही त्याला जोडा."

मग खराटा खांद्यावर टाकून तो तिसऱ्या वळणाकडे निघाला.