डावीकडची जागा

"वहिनी, जाकोई घालताय की मासे म्हातारे होऊ देताय?" गावचा मुखिया, गावबुढा धनीराम यानं काठावरून विचारलं.

"ऊन तापू दे," मी म्हटलं. ऊन चांगलं तापलं होतं.

पूर ओसरताना ब्रह्मपुत्रा आमच्या गावच्या खोलगट भागात पाणी ठेवून जाते. ठरल्या दिवशी साऱ्या बायका ओळीनं त्यात उतरतात. पहिली जाकोई थोरलीची, म्हणजे माझी. माझ्याआधी ती बांबूची टोपली बुडवायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

माझ्या डावीकडे धाकटी जाऊ आइमोनी तीस वर्षं उभी राहायची. माझ्या जाकोईतून उसळलेला मासा तिच्या जाकोईत. "बाई, मासेसुद्धा तुम्हाला कंटाळलेत," म्हणायची. जीभ माझ्याच हाताखाली तयार झालेली.

तीन वर्षांमागे नदीनं तिचं घर नेलं. माझ्या अंगणात खोपट घालू का, म्हणाली. "एका अंगणात दोन चुली मला चालायच्या नाहीत," मी म्हटलं. ती मुलाकडे जोरहाटला गेली. 'थांब' म्हणायला माझी जीभ वळली नाही. एरवी चांगली वळते.

यंदा तिच्या मापाची जाकोई विणली आणि धनीरामबरोबर पाठवली. वर निरोप कशाला? तो परत येऊन आठ दिवस झाले, पण मी काही विचारलं नाही. विचारणं म्हणजे मान खाली घालणं.

"रस्त्याकडे बघू नका," आता तोच हळू म्हणाला. "जाकोई तिनं भिंतीला टांगलीय. म्हणाली, बाईंनी तोंडानं हाक मारली असती, तर रांगत आले असते."

"मी कुठं रस्ता बघतेय? बगळे बघतेय."

सून रीणा डावीकडे सरकली.

"तिथं नको."

"आई, ओळीत खिंड पडलीय. मासे पळतील."

"पळू देत. तुझ्या बापाचे आहेत?"

मी वाकले. पायानं चिखल ढवळला, जाकोई उचलली. आत तळहाताएवढा काळा कवोई मासा, काटे फुलवलेला. आइमोनीच्या आवडीचा. धरायला गेले तर उसळला, डावीकडे.

"आइमोनी, धर!"

साऱ्या ओळीनं ऐकलं. कुणी हसलं नाही. मोकळ्या पाण्यावर एक वर्तुळ उठलं, पसरत आलं आणि माझ्या गुडघ्याला लागलं.