मालनचं गंगावन

कराडच्या बसस्थानकामागच्या गल्लीत उत्कर्षाचं पार्लर आहे. खुर्च्या दोनच, पण लग्नसराईत बाहेरच्या बाकावरही बायका ताटकळत बसलेल्या असतात. केस सरळ करून घ्यायला आलेली प्रत्येक बाई कधी ना कधी एकच गोष्ट विचारायची, "एवढं तापलेलं मशीन फिरवताय, केस जळणार नाहीत ना?" मग उत्कर्षा तळहातावर पांढरं क्रीम घ्यायची, दोन्ही हातांनी ते केसांच्या टोकापर्यंत ओढत न्यायची आणि ठरलेलं वाक्य बोलायची, "लिव्ह-इन लावलंय वहिनी. हे धुवायचं नाही, तसंच ठेवायचं. आता काही होत नाही."

हे वाक्य पुरतं खरं नाही, हे तिला माहीत होतं. कोल्हापूरला ती हे काम शिकली, तेव्हा शिकवणाऱ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. क्रीमचा पातळ थर आच थोडी अडवतो, केसापर्यंत ती सावकाश पोचू देतो. नुकसान कमी होतं, थांबत नाही. आणि केस ओला असेल तर वरून काहीही लावा, आतलं पाणी उकळतं आणि केस आतून फुटतो. ते ऐकताना उत्कर्षाला घरचा ओटा आठवला होता. फडक्यानं तापलेलं पातेलं खाली उतरवता येतं, धरून उभं राहता येत नाही. आई तर कायम ओरडायची, "उत्का, ओल्या फडक्यानं भांडं धरू नगं. कोरड्यापरीस लवकर चटका बसतोय."

पण गिऱ्हाइकाला एवढं समजावत बसलं तर ते उठून समोरच्या पार्लरमध्ये जातं. शिवाय लोकांच्या डोक्यावरचा केस पुन्हा उगवतो. म्हणून ते वाक्य तिनं ठेवलं होतं आणि ते चाललंही होतं.

आईचं नाव मालन. जत तालुक्यातल्या माळावर, मेंढरांमागं वाढलेली. नवरा जोतीराम फौजेत, म्हणून निम्मा संसार तिनं एकटीनं केला आणि तो निवृत्त झाल्यावर दोघं कराडला येऊन राहिली. मालनचे केस साऱ्या भावकीत माहीत होते. जाड, काळेभोर, कमरेखाली उतरणारे आणि पार टोकापर्यंत लाटालाटांचे. वेणी घातली तरी लाटा दबायच्या नाहीत.

मिरजेच्या दवाखान्यात कॅन्सरचं निदान झालं आणि औषधानं केस जातील असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मालननं उत्कर्षालाच कात्री चालवायला लावली. "गळून न्हाणीत पडण्यापरीस मीच देते," ती म्हणाली. कापलेल्या केसांचं गंगावन तिनं मिरजेतच विणून घेतलं. "उत्काच्या लग्नात मी पोटभर मिरवले. धाकल्या प्रांजलच्या लग्नाला मी असंन का नसंन. हे तिच्या केसात घाला, म्हंजे मी हाय असं हुईल." पुढची दिवाळी तिला दिसली नाही.

जोतीरामनं ते गंगावन स्टीलच्या डब्यात ठेवलं. दर शनिवारी तो ते बाहेर काढायचा, सावलीत खिळ्याला अडकवायचा, बोटांवर खोबरेल घेऊन वरून खाली हात फिरवायचा आणि मालनच्याच फणीनं विंचरायचा. फौजी माणूस, बुटाला पॉलिश करावं तितक्या निगुतीनं करायचा. त्याला कुणी हसलं नाही.

दोन वर्षांनी धाकट्या प्रांजलचं लग्न ठरलं. प्रांजल कराडलाच इंजिनिअर झालेली, आता पुण्यात नोकरीला. नवरामुलगा ऋषिराज तासगावचा, घरचा बेदाण्याचा व्यापार. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात प्रांजल डबा घेऊन पार्लरमध्ये आली. खुर्चीत सोनमवहिनी नावाचं जुनं गिऱ्हाईक बसलं होतं आणि त्यांची बट उत्कर्षाच्या मशीनमध्ये होती.

प्रांजलनं गंगावन आपल्या केसांना लावून आरशात पाहिलं. तिचे केसही जन्मानं आईसारखेच, पण लग्न ठरल्यावर उत्कर्षानंच ते इथं बसवून कायमचे सरळ करून दिले होते.

"ताई, हे कसं दिसतंय बघ की. वर सरळ आन् खाली लाटा. खराट्याला झालर लावल्यावानी."

"खोपा घालू. आत दडवते, कुणाला कळणार न्हाई."

"न कळायला कशाला घालू? आईनं काय दडवायला दिलंय व्हय? सरळ करून दे. मला लांब वेणी पायजे, फोटोत दिसंल अशी."

"त्याला मशीन लावायचं न्हाई, प्रांजल."

"का? लिव्ह-इन लाव की. रोज सगळ्यास्नी सांगतीस न्हवं, आता काय होत न्हाई म्हणून."

सोनमवहिनींनी आरशातून वर पाहिलं. "व्हय की ओ. मघाशी मलाबी तेच सांगितलं. का आमच्या केसाचं एक आन् घरच्या केसाचं एक?" आणि त्या हसल्या.

उत्कर्षाही हसली. तेव्हाच तिनं सांगायला हवं होतं, की वहिनी, तुमचे केस उद्या परत येतील, हे येणार नाहीत. पण बाहेरच्या बाकावर आणखी तिघी बसल्या होत्या आणि दार उघडं होतं.

"तसं न्हाई," ती म्हणाली. "करते. लिव्ह-इन लावून करते."

त्यानंतर ती चालढकल करत राहिली. तिनं गंगावन शांपूनं धुतलं, जोतीरामनं मुरवलेलं तेल काढलं, घरात एक दिवस-रात्र वाळवलं. तेव्हाच, कोरडं असताना, मंद आचेवर एकेक बट घेऊन सरळ करायची ती वेळ होती. पण हात धजला नाही. प्रांजलचा विचार बदलेल अशी तिला आशा होती. अखेर तिनं स्वतःशी ठरवलं, की हळदीनंतर प्रांजलचे केस धुतले की दोन्ही एकदमच करू, एकसारखे दिसतील.

तासगावच्या कार्यालयात सकाळी हळद होती आणि दुपारी साडेबाराला अक्षता. नवरीच्या खोलीत बायकांचा कालवा. जतहून आलेल्या बनुबाई, म्हणजे जोतीरामची थोरली बहीण, कनवटीला बिरोबाचा भंडारा घेऊनच आल्या होत्या. उत्कर्षा फुलांचा हिशेब बघायला खाली गेली, तेवढ्यात बनुबाईंनी डबा उघडला आणि गंगावन नवरीशेजारी पाटावर मांडलं.

"आवं आत्याबाई," कुणीतरी म्हणालं, "मेलेल्या बाईचं केस हळदीला कशाला?"

"मेलेल्या बाईचं न्हाईत गं, जित्या बाईनं कापून दिल्यात," बनुबाई म्हणाल्या. "आन् गेली ती बी मळवट भरून गेली. लेकीच्या लग्नात आईला हळद नगं व्हय? गप बस."

त्यांनी गंगावनाला हळद लावली, वर भंडारा टाकला आणि प्रांजलला न्हाऊ घातलं तसं त्यालाही तांब्यातांब्यानं न्हाऊ घातलं. मग माणसाचे केस बांधावेत तसं पिळून, नव्या खणात घट्ट गुंडाळून ठेवलं. जोतीराम दारात उभा राहून सगळं बघत होता. लग्नघरात तो पहिल्यांदाच डोळे पुसताना दिसला.

उत्कर्षा वर आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. खण सोडला आणि तिच्या हाताला पाणी लागलं.

"आत्या, हे भिजवलंय?"

"न्हाऊ घातलं तिला," बनुबाईंचा चेहरा उजळलेला होता. "लय बरं वाटलं बघ. मालन गालात हसली आसंल."

खोलीत प्लगची जागा एकच. ड्रायर प्रांजलच्या डोक्यावर चालू होता, तिचेही केस ओलेच होते. उत्कर्षानं गंगावन टॉवेलनं दाबून टिपलं आणि पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरलं. प्रांजलचे केस झाले, मेकअप झाला, नऊवारी नेसवून झाली. गंगावन वरून कोरडं लागत होतं. पण विणीपाशी केस दाट असतात, तिथं बोट आत जात नाही. आणि तिनं लिव्ह-इन लावलं. भरपूर लावलं, नेहमीच्या दुप्पट. ते लावल्यावर सगळाच केस गार आणि ओलसर लागू लागला. त्यातलं क्रीम किती आणि पाणी किती, हे आता हाताला कळण्यासारखं राहिलं नव्हतं.

थांबावं, ड्रायर लावून अर्धा तास द्यावा, हे तिला त्या क्षणी नीट कळत होतं.

"आवरलं का ओ नवरीचं?" दाराबाहेरून पुरुषाचा आवाज आला. "भटजी घड्याळ बघायलेत."

"ताई, दे ना लवकर," प्रांजल म्हणाली. "फोटोवाला खाली खोळंबलाय."

गंगावन पलंगाच्या चादरीवर घेऊन पहिली बट तिनं कमी आचेवर ओढली. टोकाकडची, पातळ. ती नीट सरळ झाली, चकाकली. दुसरीही झाली. उत्कर्षाचा जीव जरा भांड्यात पडला. तिनं आच वाढवली आणि मधली जाड बट विणीजवळून मशीनमध्ये धरली.

चर्र झालं. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा उडावा तसं. वाफ वर आली आणि तिच्या पाठोपाठ वास.

तिनं मशीन झटकन उघडलं. बट जागेवर होती. क्षणभर तिला वाटलं, वाचली. मग तिनं बटेवरून बोटं फिरवली आणि जिथं मशीनचा चिमटा होता तिथून ती तिच्या हातात आली. लांब, काळी, खाली अजून लाटा असलेली.

"ताई, वास कसला?"

उत्कर्षा आरशाकडे न बघता म्हणाली, "जळलं."

घाईत मधला बहुतेक केस चिमट्यात आला होता. फणी लावली तशी त्यातली एकेक बट तुटून चादरीवर पडत गेली. फणी थांबवली तेव्हा विणीपाशी वीतभर झुबका राहिला होता आणि कडेच्या दोन सरळ बटा.

प्रांजल आरशातून बघत होती. डोळ्यांतलं काजळ ओघळू नये म्हणून तिनं मान वर केली, छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खोपाच घाल."

उत्कर्षानं खोपा घातला. उरलेला झुबका आत दडवला, वर गजरा माळला. कुणाला काही कळलं नाही. अक्षता वेळेवर पडल्या.

खोली रिकामी झाल्यावर ती परत वर आली, तेव्हा फेटा बांधलेला जोतीराम पलंगाशी वाकून चादरीवरचे केस गोळा करत होता. टोकं एका बाजूला करून, जुडी करून, त्यानं ते रुमालात ठेवले. तो तिच्याकडे वळला. आवाजात राग नव्हता, पलटणीत चौकशी करावी तसं त्यानं विचारलं,

"ते क्रीम लावलं हुतंस न्हवं?"

"लावलं हुतं आप्पा."

"मग कसं काय?"

"त्यानं सगळं थांबत न्हाई आप्पा. जरा कमी हुतं. आन् हे ओलं हुतं. मला ठावं हुतं, वाळवायला पायजे. मी घाई केली."

"ओल्या फडक्यानं..." जोतीराम म्हणाला आणि तिथंच थांबला. पुढचं दोघांनाही माहीत होतं.

उत्कर्षा म्हणाली, "आत्याला सांगू नगा ओलं हुतं म्हणून. मशीन जास्त तापलं, एवढंच सांगा."

त्यानं मान हलवली. बनुबाईंना कधी कळलं नाही. मशीनला शिव्या घालून झाल्या की त्या अजूनही म्हणतात, "जळायच्या आधी न्हाऊ घातलं मी तिला, हळद लावली. तेवढं तरी घडलं माझ्या हातनं." उत्कर्षा "व्हय आत्या" म्हणते.

शनिवारी डबा अजून निघतो. झुबका आता खिळ्याला अडकवून हात फिरवण्याएवढा लांब नाही, म्हणून जोतीराम तो तळहातावर ठेवूनच तेल लावतो. रुमालात बांधलेली जुडी तो कधी उघडत नाही.

पार्लरमध्ये ते वाक्य आता नाही. "काही होत नाही ना?" असं विचारलं की उत्कर्षा सांगते, "होतं. यानं जरा कमी होतं. आणि आधी पूर्ण वाळवावे लागतील." काही जणी थांबतात. सोनमवहिनी समोरच्या पार्लरमध्ये जाऊ लागल्या.

प्रांजल लग्नानंतर माहेरी यायची ती आप्पांशी बोलून, जेवून परत जायची. ताईशी कामापुरतं बोलायची. पार्लरची पायरी ती चढली ती थेट पुढच्या गणपतीत. खुर्चीत बसली आणि क्लिप काढून केस मोकळे सोडले.

"टोकं काप," ती म्हणाली. "लय खराब झाल्यात."

उत्कर्षानं कंगव्यानं भांग पाडला आणि तिचा हात थांबला. वर्षभरात प्रांजलनं केसांना काही केलेलं नव्हतं. खालचे केस सरळ, निर्जीव लोंबत होते. पण वर, डोक्यालगत, सात-आठ बोटं नवा केस आला होता. जाड, काळाभोर, आणि पहिल्या बोटापासूनच लाट घेतलेला.

तिनं त्यावर तळहात ठेवला. केस कोमट होता, डोक्याच्या उबेनं.

"हे सरळ करायचे?" तिनं विचारलं. विचारावंच लागतं.

प्रांजलनं आरशात बघितलं नाही. मांडीवरच्या ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती.

"न्हाई," ती म्हणाली. "कुठवर सरळ हाय तिथवर कापून टाक."

"लय आखूड हुतील."

"हुंद्यात."

उत्कर्षानं कात्री घेतली. मशीनची वायर गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवलेली होती, ती तिथंच राहिली. केस पडत गेले. शेवटी प्रांजलचं डोकं, औषध सुरू व्हायच्या आधी केस कापून दिले त्या दिवशी आईचं दिसलं होतं, तसं दिसू लागलं, कात्री फिरवून झाल्यावर उरलेलं, आखूड आणि लाटालाटांचं.