उदगीर, जिल्हा उस्मानाबाद

ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी, महिना मे. आदल्या वर्षी पावसाने आमच्याकडे पाठ फिरवली होती, आणि त्याच वर्षी ऑगस्टात आमचा जिल्हा बदलला होता. उदगीर होतं तिथंच होतं, किल्लाही जागचा हलला नव्हता, पण कालपर्यंत उस्मानाबादचे असलेले आम्ही एका दिवसात लातूरचे झालो. नव्या जिल्ह्याचे पेढे वाटले गेले. पेढ्यावर कुणी पाणी मागितलं तर लोक हसून म्हणत, "जिल्हा मागितला होता बाबा, पाणी कुठं मागितलं होतं?"

आमच्या घराला लागूनच खालाम्मांचं घर होतं. मधल्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर एक खिडकी होती. तिच्यातून त्यांच्याकडे आमची आंबील जायची आणि तिकडून लिंबाचं लोणचं यायचं. खालाम्मा मण्यारीण. उदगिरातल्या तीन पिढ्यांच्या पोरींच्या हातात त्यांनी बांगड्या भरल्या, माझ्या लग्नातला चुडाही त्यांनीच भरला. आता त्या ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि घरात त्या एकट्याच होत्या.

त्यांची एकुलती एक लेक गौसिया माझ्याच वयाची. आम्ही एका पाटीवर लिहायला शिकलो. अठ्ठेचाळीस साली तिचं लग्न झालं आणि नवरा तिला घेऊन कराचीला गेला. "सहा महिन्यांत येते गं शिवू," असं स्टेशनावर म्हणाली होती. त्या सहा महिन्यांना पस्तीस वर्षं लागली. मध्ये दोन लढाया झाल्या. कधी पत्र यायचं, कधी दोन-दोन वर्षं यायचं नाही.

त्या वर्षी रेडिओवर बातमी आली, की दोन्ही सरकारांनी मिळून एक आयोग नेमला आहे, आता येणं-जाणं वाढेल. माझे यजमान अण्णाराव भुसाराचे व्यापारी. तराजूत पडल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचे नाहीत.

"भाऊ-भाऊ वाटणी करतात ना," ते म्हणाले, "तर तिसऱ्या पिढीपर्यंत एकमेकांच्या बारशालाही जात न्हाईत. हे तर देश हायेत. आपल्या हयातीत जमायचं न्हाई."

"तुमच्या हयातीचं तुम्ही बघा," खालाम्मा खिडकीतून म्हणाल्या. "मेरी हयात में तो ये जमानाच पडेंगा. मेरेकू टाइम नै."

मग मीच बसून गौसियाला बोलावणं लिहिलं. व्हिसाच्या अर्जाला असं पत्र जोडावं लागतं, असं तिनं कळवलं होतं. मी शाळेत मास्तरीण, अक्षर चांगलं. खाली पत्ता लिहिला: मु. पो. ता. उदगीर, जि. उस्मानाबाद. सव्वीस वर्षं हाताला तेच वळण होतं. नवा जिल्हा होऊन सात महिने झाले होते आणि ही मास्तरीण वर्गात पोरांना लातूर जिल्ह्याचा नकाशा काढायला शिकवत होती. पण हाताला कोण शिकवणार?

गौसिया आली. पंधरा दिवसांचा व्हिसा घेऊन, सकाळच्या गाडीने. केस पांढरे झाले होते, अंगाने भरली होती, पण चाल तीच, एक पाय पुढे टाकून जरा थांबायची. खालाम्मा ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी तोंडावरून हात फिरवला नाही की गळ्यात पडल्या नाहीत. त्यांनी लेकीचा उजवा हात ओढला, बोटं मिटवली आणि बांगडी चढवताना दाबतात तसा पंजा दाबून बघितला.

"सव्वादोनच्या मापाचा हात अडीचचा झाला की मा!" त्या म्हणाल्या. "म्हणजे तिथं दुष्काळ न्हाई."

सगळी गल्ली हसली. गौसिया हसता हसता खाली बसली आणि मग बराच वेळ आईच्या मांडीवरून तिनं डोकं उचललं नाही.

दुपारी टँकर आला तर ही बाई घागर घेऊन रांगेत. गल्लीतली नागुबाई नेहमी रांगेत पहिली, भांडणातही पहिली. तिनं कमरेवर हात ठेवून गौसियाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ओरडली, "अगं, पाकिस्तानची घागर आधी भरा गं! न्हाईतर परत लढाई लागायची." आणि स्वतःची घागर मागे ओढली. नागुबाईनं रांगेतला नंबर सोडलेला मी जन्मात तेवढा एकदाच बघितला.

चोवीस तासांच्या आत पोलिसांत हजेरी लावायची होती. ठाण्यातल्या हवालदारानं कागद उलटसुलट केले आणि मान हलवली. "बाई, हे माझ्या हातातलं न्हाई. ह्यात उस्मानाबाद लिहिलंय. आपण लातूर. उद्या सकाळीच लातूरला सायबाकडं जा."

मला तेव्हा कळलं मी काय करून बसले आहे. येताना रस्त्यात मी गौसियाला सांगितलं. वाटलं, ती चिडेल. ती म्हणाली, "कायकू रोती गे? मी पासपोर्टावर जन्मगाव लिहिलं, उदगीर, जिल्हा बीदर. मी गेली तेव्हा बीदरच होता. तुझी चूक एक जिल्ह्याची, माझी दोन जिल्ह्यांची."

खालाम्मांना आम्ही काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही तिघं निघालो, गौसिया, अण्णाराव आणि मी.

लातूरला भाड्याच्या इमारतीत पोलिसांची कचेरी होती. अर्ध्या खोलीत कपाटं एकमेकांना पाठ लावून उभी, जागेवर लावायची राहिलेली. दाराशी जुने कारकून दत्तोपंत बसले होते. बदली होऊन उस्मानाबादहून आलेले, चष्म्याला दोरा बांधलेला. आत फौजदार अमृतराव होते. ते मुखेडकडचे. मिशी आणि आवाज दोन्ही जाड.

त्यांनी कागद बघितले. एकदा, दोनदा.

"बाई, तुमचा जन्म बीदरचा, व्हिसा उस्मानाबादचा, आणि बसलात लातुरात. मी तुम्हाला कुठं ठेवू?"

"उदगीर में रख देव साहब," गौसिया म्हणाली.

"उदगीर लातूर जिल्ह्यात आहे. लातूरचा व्हिसा तुमच्याकडं न्हाई. उद्या संध्याकाळपर्यंत उस्मानाबादला जावं लागेल. पंधरा दिवस तिथं राहा."

"तिथं कोण हाय माझं?"

"ते व्हिसात लिहिलेलं न्हाई."

मी पुढे झाले. "साहेब, चूक माझी आहे. पत्ता मी लिहिला. हिची आई आंधळी आहे, तिला एसटीत घालून उन्हातान्हात तिकडं नेता येत नाही. मला काय शिक्षा करायची ती करा."

अमृतरावांनी कागद टेबलावर ठेवले. मग गौसियाकडे न बघता म्हणाले, "एकाहत्तरच्या लढाईत माझा धाकटा भाऊ एक पाय तिकडं ठेवून आलाय. म्हणून मी वाकडं वागतो असं समजू नका. कागद वाकडा हाय."

"माझा दीर त्याच लढाईत गेला," गौसिया हळूच म्हणाली. "त्याचं काहीच परत आलं न्हाई."

पंखा कुरकुरत होता. अण्णारावांनी टोपी काढून हातात घेतली. जिल्ह्याच्या गावी त्यांना टोपी काढताना मी कधी बघितलं नव्हतं. शेवटी अमृतराव म्हणाले, "दत्तोपंत, बाईंना चहा सांगा. आणि परदेशी लोकांचं रजिस्टर आणा. निदान आल्याची नोंद तरी करू."

"कुठलं रजिस्टर?" दत्तोपंत दारातूनच म्हणाले. "नऊ महिने मी कोकलतोय साहेब. कपाटं आली, किल्ल्या तिकडंच. खुर्च्या आल्या अकरा, त्यातली एक तीन पायांची. परदेशी लोकांचं रजिस्टर सगळ्या जुन्या जिल्ह्याचं एकच जाडजूड बाड. ते म्हणतात, फाडून कसं द्यायचं, आणि सगळं तुम्हाला दिलं तर आम्ही कशात लिहायचं? तीन पत्रं टाकली. वाटणी म्हटली की दोघांनाही वाटतं, आपल्यालाच कमी आलं."

"मग आमच्या उदगिरात कुणी परदेशी माणूस आला, तर नोंद कुठं होते?" मी विचारलं.

"तिकडंच, उस्मानाबादेत. आम्ही इथून नुसतं कळवतो."

शाळेत एखाद्या पोराचं गणित अडलं की मी त्याला त्याचीच पायरी मोठ्यानं वाचायला लावते. तसंच मी केलं. "म्हणजे दत्तोपंत, परदेशी माणसाच्या नोंदीपुरतं उदगीर अजून उस्मानाबादेतच आहे?"

दत्तोपंतांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. अमृतराव खुर्चीत सरळ झाले.

"रजिस्टर तिकडं," ते सावकाश म्हणाले, "तर नोंद तिकडची. नोंद उस्मानाबादची, व्हिसा उस्मानाबादचा. मग वाकडं काय राहिलं?"

"लेखी लागेल साहेब. त्यांच्याकडून नोंदीचा नंबर लागेल."

उस्मानाबादला ट्रंक कॉल लावला. तो लागायला दोन तास गेले. तेवढ्यात चहा झाला, अण्णारावांनी अमृतरावांना तुरीचा भाव समजावून सांगितला आणि दत्तोपंतांनी आम्हाला तीन पायांची खुर्ची दाखवली. मग घंटी वाजली आणि दत्तोपंत उभं राहून ओरडू लागले. पलीकडचा माणूसही इतका ओरडत होता, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"हे बघा दत्तोपंत, रजिस्टर मिळणार नाही! काय वाट्टेल ते करा!"

"नको! नकोच देऊ!"

"काय?"

"अहो, देऊ नका म्हणतोय! ठेवा तुमच्याकडंच! कुलूप लावा!"

नऊ महिने ज्या बाडासाठी भांडण चाललं होतं, ते नको म्हणणारा माणूस ऐकून तिकडच्या कारकुनाला बहुतेक खुर्ची धरावी लागली असेल. मग दत्तोपंतांनी सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "असं होय! उदगीर आमचंच आहे! लिहा नंबर." नंबर एकशे सतरा. तो मला अजून पाठ आहे. पलीकडून तो दोनदा सांगितला गेला, आणि वर, "माउलीला आमचा नमस्कार सांगा," हेही.

अमृतरावांनी कागदावर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. गौसियाला देताना म्हणाले, "पंधरा दिवस. एक दिवस जास्त न्हाई."

"हौ साहब."

"आणि मी स्वतः तपासायला येणार."

ते खरंच आले. दहाव्या दिवशी, जीप घेऊन. गल्लीत सगळे घाबरले. साहेब ओट्यावर बसले, गौसियाचे कागद बघितले, माठातलं पाणी प्यायले आणि मग अडखळत खालाम्मांना म्हणाले, "आजी, आमच्या घरच्यांसाठी बांगड्या घ्यायच्या होत्या. माप आणायचं राहिलं."

"हात कसा हाय? गोरा का सावळा, ते नको. भाकरी थापती का चपाती लाटती?"

"भाकरी."

"माप दोन आणि सहा आणे," खालाम्मा म्हणाल्या. "हिरव्या दे गं गौसिया. कुणाचं पायाचं दुखणं हाय घरात, असं शिवू म्हणत होती. त्याच्या बायकूलाबी दे."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. जिल्ह्याचा गोंधळ आम्ही त्यांच्यापासून लपवला असं आम्हाला वाटत होतं, पण त्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. साहेबांची जीप गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी बीदरात जन्मली, उस्मानाबादेत म्हातारी झाली, आता लातुरात मरीन. आणि घराच्या बाहेर पाऊल न्हाई टाकलं. सरकारला बी लई कामं बघा!"

पंधराव्या दिवशी गौसिया गेली. स्टेशनावर ह्या वेळी "सहा महिन्यांत येते" असं ती म्हणाली नाही. तिच्या दोन्ही हातांत आईनं अडीचच्या बांगड्या भरल्या होत्या, चाचपत, एकही न फुटू देता.

गाडी सुटल्यावर अण्णाराव बराच वेळ रुळांकडे बघत उभे होते. "दोन जिल्ह्यांचं जमायला दोन तास आणि एक ट्रंक कॉल लागला," ते म्हणाले. "दोन देशांना जरा जास्त लागेल."

"म्हणजे जमेल म्हणता?"

"मी असं कुठं म्हणालो? चल, टँकर येईल."

खालाम्मा शहाऐंशी साली गेल्या, पावसाळ्यात. गौसिया एकोणनव्वदला आणखी एकदा आली, ह्या वेळी "जिल्हा लातूर" असं ठसठशीत लिहून. पुढे तिचे गुडघे गेले. तिची नात अजून मला ईदला फोन करते आणि आजीसारखंच "हौ" म्हणते. कराचीतल्या मैत्रिणी त्यावरून तिला हसतात म्हणे. गौसिया दोन हजार चार साली तिकडेच वारली.

अमृतराव निवृत्त होऊन मुखेडला शेती करत होते. त्यांचे भाऊ एका पायावर पिठाची गिरणी चालवायचे, ती आता त्यांचा मुलगा चालवतो. नागुबाईच्या दारात नळ आला तरी ती शेवटपर्यंत रांगेतल्या बायकांशी भांडायला जायची. दत्तोपंत निवृत्त होईपर्यंत ते रजिस्टर लातूरला आलं नव्हतं, आणि त्यांनी ते मागितलंही नाही. अण्णाराव जाऊन बारा वर्षं झाली. जाण्याच्या आदल्या महिन्यापर्यंत ते रेडिओ लावून बातम्या ऐकायचे आणि दर वेळी म्हणायचे, "न्हाई जमायचं." रेडिओ मात्र कधी बंद करायचे नाहीत.

मधल्या भिंतीतली ती खिडकी अजून आहे. पलीकडे आता बँकेतलं एक कुटुंब राहतं, नांदेडचं. मी त्यांना आंबील देते. त्यांना लोणचं घालता येत नाही, पण सून शिकते आहे.