गोधडीची ओटी

"लेना, बाई, एकदा माझं ऐकून तरी घे!" शुभा मोबाइलसमोर हात जोडून म्हणाली.

"आई, लेना माणूस नाहीये. दास इस्ट आइन बॉट," पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाता खाता ईश्वरी म्हणाली.

"मग तिला माणसाचं नाव कशाला ठेवलं? सकाळपासून मी तिला बिट्टे बिट्टे करत विनवतेय!"

शुभाची अडचण आपल्याला पूर्णपणे समजते, असं लेनाने पुन्हा एकदा लिहून कळवलं आणि पुन्हा तीच दोन बटणं पुढे केली. 'तक्रार मान्य' आणि 'तक्रार अमान्य'. मान्य म्हटलं तर गिऱ्हाइकाचे पैसे परत, गोधडी परत, परतीचं टपाल शुभाच्या खर्चाने आणि वर दुकानाला लाल खूण. अमान्य म्हटलं तर चौकशी, आणि ती संपेपर्यंत दुकानाला टाळं. मुळात झालं काय हे विचारणारं बटण लेनाकडे नव्हतं.

दुकान म्हणजे काही शटर आणि गल्ला असलेलं दुकान नव्हे. हाताने केलेल्या वस्तू विकणाऱ्या एका साइटवरचं एक पान, त्यावर शुभाने शिवलेल्या गोधड्यांचे फोटो आणि वर नाव, 'कुंदा'. हे शुभाच्या आईचं नाव. लग्नानंतर काही वर्षं शुभा कराडच्या एका सहकारी बँकेत कॅशिअर होती. नोटा मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग विनयला जर्मनीत नोकरी लागली आणि दोन वर्षांसाठी म्हणून तिघं र्युसेल्सहाइमला आली. ईश्वरी तेव्हा कडेवर होती, आता दहावीत आहे. दोन वर्षं अजून संपायची आहेत. एवढ्या काळात शुभा जर्मन शिकली, सायकल शिकली, पाच रंगांच्या डब्यांत कचरा वेगळा करायला शिकली. फक्त स्वतःच्या कमाईचा पैसा तेवढा हातात आला नाही. मागच्या हिवाळ्यात तिने दुकान उघडलं तेव्हा विनय हसला होता, पण पहिली गोधडी विकली गेली त्या दिवशी त्यानेच जिलबी केली. ती बिघडली, तरी सगळ्यांनी खाल्ली.

साइटचे नियम मात्र शुभाच्या डोक्यात जायचे. फोटो लावायची फी वेगळी, विकल्यावर कमिशन वेगळं, पैसे पोचवण्याचा आकार वेगळा, आणि टपालाला जे पैसे शुभा पोस्टात भरायची त्यावरसुद्धा कमिशन. "टपाल मी भरते, रांगेत मी उभी राहते, आणि वाटा यांचा!" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ऐकवायची. एवढं कापून उरलेले पैसेही लगेच मिळत नसत. आपण समाधानी आहोत, असं गिऱ्हाइकाने बटण दाबून सांगेपर्यंत ते साइटकडेच अडकून पडायचे.

"आमच्या बँकेत असं केलं असतं ना," ती म्हणायची, "तर लोकांनी मॅनेजरला खुर्चीसकट कृष्णेच्या घाटावर नेऊन ठेवलं असतं."

आणि आता तर पहिलीच तक्रार आली होती. बाड हॉम्बुर्गच्या कुणा फ्राऊ आल्टहाउस नावाच्या बाईने कळवलं होतं, 'पाकिटात चुकीची वस्तू आढळली.' एवढंच.

"चुकीची वस्तू म्हणजे काय?" विनयने विचारलं. "गोधडीच पाठवलीस ना?"

"गोधडीच. निळी. आईच्या साड्यांची."

"आणि बरोबर काय पाठवलंस?"

शुभा कढईतले पोहे उगाचच हलवू लागली.

"शुभा?"

"काय पाठवणार? ओटी."

विनयने कपाळाला हात लावला. ईश्वरी हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली.

आता ही ओटी म्हणजे काय, तर मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड आणि एक खारीक, पांढऱ्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधून गोधडीच्या घडीत ठेवलेली. ही कुंदाबाईंची रीत. नवरा गेला तेव्हा कुंदाबाई तिशीतल्या होत्या, आणि शुभा पहिलीत. गल्लीतल्या बायकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून त्यांनी घर चालवलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नसे. गोधडी शिवायला बोलवत, ओटी भरायला नाही. कुंदाबाई कधी कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त त्यांच्या हातची प्रत्येक गोधडी घरातून निघाली की तिच्या घडीत त्या ओटी घालायच्या. "लेक आहे ती. माझ्या घरातून मोकळी जायची नाही," म्हणायच्या. लहानपणी शुभाला यात काही वेगळं वाटलं नव्हतं. वेगळं काय होतं ते कळलं तोवर ती इकडे आली होती, आणि दोन वर्षांपूर्वी आईही गेली.

"अगं, हळद म्हणजे त्यांना कसलं तरी जडीबुटीचं मूळ वाटलं असणार. बाई घाबरली असेल," विनय म्हणाला. "जाऊ दे ना. मान्य म्हण आणि सोडून दे. तेवढे पैसे मी देतो तुला."

"पापा, नाइन, नको," ईश्वरी हळूच म्हणाली, पण बाण सुटला होता.

"अहो, तुम्ही दिलेत तर ते तुमचे पैसे," शुभा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच विनयने बशी खाली ठेवली. "ते तर माझ्याकडे आहेतच. मला माझे हवेत. आणि लाल खूण आईच्या नावावर बसणार आहे, माझ्या नाही. तिच्या गोधडीत कधी कुणी खोट काढली नाही."

ती आत गेली, साडीऐवजी पँट घालू की काय असा क्षणभर विचार केला आणि साडीच नेसली. मग रव्याच्या लाडवांचा डबा पिशवीत घातला.

"कुठे निघालीस?"

"बाड हॉम्बुर्ग. पत्ता मीच लिहिलाय की पाकिटावर."

"आई! ओने टेर्मीन? न विचारता? असं कुणी कुणाच्या घरी जातं का इथे?"

"आणि हे डाटेनशुट्झच्या, माहिती जपण्याच्या कायद्याच्या विरुद्ध आहे!" विनय म्हणाला. "पत्ता पार्सलसाठी दिलेला असतो, भेटायला जायला नाही. साइटला कळलं तर कायमचं बंद करतील. आणि तो डबा कसला? अगं, खाऊनेच घोटाळा झालाय, आणि तू आणखी खाऊ घेऊन निघालीस!"

"मग काय रिकाम्या हाताने जाऊ?" असं म्हणून शुभाने चपला घातल्या, आणि ऑक्टोबर आहे हे आठवून पुन्हा काढून बूट घातले.

फ्रँकफर्टला गाडी बदलून ती बाड हॉम्बुर्गला उतरली तेव्हा तिचा निम्मा धीर गळाला होता. वाटभर ती जर्मन वाक्यं जुळवत आली होती, पण घराची घंटा वाजवली आणि सगळी वाक्यं पसार झाली. दार साखळीएवढं उघडलं. आत पांढऱ्या केसांची, उंच, एप्रन बांधलेली बाई उभी होती.

"मी कुंदा," शुभाच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, मी दुकान. निळं पांघरूण. चूक माझी आहे, पण चूक नाही."

बाईने तिच्याकडे, तिच्या साडीकडे, मग पिशवीकडे पाहिलं. साखळी निघाली.

"अखेर!" फ्राऊ आल्टहाउस म्हणाल्या. "मी किती दिवस वाट बघतेय! आत या, आत या. बिचाऱ्याचं सामान मी अगदी नीट ठेवलंय."

"कुणाचं सामान?"

"ज्याचं आहे त्याचं. पाकिटात दुसऱ्या कुणाचं तरी सामान चुकून आलंय ना? कुणीतरी त्याची वाट बघत असेल. म्हणून तर मी कळवलं."

शुभा भिंतीला टेकली. बाईंनी फडताळातून काचेची बरणी आणली. तिच्यात तांदूळ, सुपारी आणि खारीक होती, बाजूला पुरचुंडीचं फडकं इस्त्री करून घडी घातलेलं. "आणि तो पिवळा कंद खाली तळघरात आहे, कोरड्या वाळूत. माझं फुलांचं दुकान होतं, मला कळतं. कंद हिवाळ्यात असेच ठेवायचे, नाहीतर वसंतात फुटत नाहीत."

हळकुंडाला वाळूत घालून त्याची काळजी घेणारी ही बाई, आणि तिला घाबरून आपण तासन्‌तास लेनाच्या पाया पडत होतो! शुभाला हसू आवरेना. हसता हसता तिने आपल्या मोडक्या जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. ते सामान दुसऱ्या कुणाचं नाही, तुमचंच आहे. भेट आहे. तो कंद उकडलेला, वाळवलेला आहे, तो काही फुटायचा नाही.

"भेट?" फ्राऊ आल्टहाउस खुर्चीत बसल्या. "अरे देवा. मग मी तुमच्यावर तक्रार केली!"

त्यांनी लगेच चष्मा लावला, टॅबलेट आणला आणि तक्रार मागे घ्यायला बसल्या. पण तिथेही बटणंच होती. 'विक्रेत्याने नंतर योग्य वस्तू पाठवली', 'विक्रेत्याने पैसे परत केले', 'वस्तू परत पाठवली'.

"पहिलं दाबा," शुभा म्हणाली.

"पण ते खरं नाही. तुम्ही नंतर काही पाठवलं नाहीत."

"दुसरं?"

"तेही खरं नाही."

"तिसरं तर नकोच," शुभा म्हणाली. दुसरी कुणी असती तर वैतागली असती, पण खोट्या जागी सही न करणारी माणसं कॅशिअरबाईला नेहमीच आवडत आली होती. अखेर अगदी तळाशी 'इतर' सापडलं. त्यात फ्राऊ आल्टहाउसनी एका बोटाने, सावकाश, स्वल्पविरामासकट लिहिलं की सामान म्हणजे भेट होती आणि चूक लिहिणारीची आहे. बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. विक्रेत्याचे पैसे मोकळे, फी वजा करून.

"गॉट झाय डांक," शुभाने देवाचे आभार मानले.

"फी किती घेतात?"

शुभाने सांगितलं. टपालावरच्या कमिशनपाशी पोचल्यावर फ्राऊ आल्टहाउस ताठ झाल्या. "टपालावर? टपालावरसुद्धा? उनफेरशेम्ट!" आणि हा 'निर्लज्ज' शब्द त्यांनी इतक्या मनापासून उच्चारला की र्युसेल्सहाइमपासून इथपर्यंत आल्याचं शुभाला सार्थक वाटलं. मग कॉफी झाली. लाडू बाईंनी आधी काट्याने खाऊन पाहिला, मग हाताने. पुढच्या वेळी वर्णनात लिहा, बरोबर काय काय येतं ते, म्हणजे माझ्यासारखी बावळट बाई गोंधळणार नाही, असंही त्यांनी बजावलं.

गोधडी खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीवर अंथरलेली होती. खुर्चीला बसून बसून खोलगटपणा आला होता, पण तिच्यावर कुणी बसत असावं असं दिसत नव्हतं. मधोमध आईची शाई-निळी साडी होती. रोज नेसून विरलेली, तीच. शुभाने तिच्यावरून हात फिरवला आणि तिला आईची आठवण आली.

"ही माझ्या नवऱ्याची खुर्ची," फ्राऊ आल्टहाउस म्हणाल्या. "चार वर्षं झाली. ती रिकामी बघवत नव्हती, म्हणून हे घेतलं. ते तांदूळ का घालता, ते मला नीट समजलं नाही."

शुभाने शब्द गोळा केले. "माझी आई. ती अशी पांघरुणं करायची. आमच्याकडे बायका एकमेकींना हे देतात, पदरात, कपड्यात. शुभ म्हणून. पण जिचा नवरा नाही, तिला देत नाहीत. माझ्या आईला नवरा नव्हता. तिला कुणी दिलं नाही. म्हणून ती पांघरुणाला द्यायची."

"तुम्हीही नाही दिलंत?"

प्रश्न सरळ होता, त्यात ठपका नव्हता. "नाही," शुभा म्हणाली. "राहून गेलं."

फ्राऊ आल्टहाउस उठून तळघरात गेल्या, वाळू झटकलेलं हळकुंड घेऊन वर आल्या आणि बरणीत टाकलं. बरणी शुभाच्या पुढ्यात ठेवली.

"माझाही नवरा नाही," त्या म्हणाल्या. "मला चालेल का?"

"चालेल," शुभा म्हणाली. "न चालायला काय झालं!" हे शेवटचं ती मराठीतच बोलली.

तिने बाईंना एप्रनची दोन्ही टोकं हातात धरून पुढे करायला सांगितली. त्या उंच, म्हणून शुभाला ओंजळ जरा वर न्यावी लागली. तांदूळ पडले, सुपारी पडली, खारीक पडली, आणि वरती ते कधीही न फुटणारं हळकुंड. एक दाणाही खाली सांडला नाही. कुंकू बरोबर नव्हतं. शुभाने बोटाला लाडवाचं तूप होतं तेच बाईंच्या कपाळाला टेकवलं.

फ्राऊ आल्टहाउस दोन्ही हातांनी एप्रन धरून, शाळेतल्या मुलीसारख्या ताठ उभ्या राहिल्या.

"आता किती वेळ धरायचं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

झालं, आता सोडा, असं शुभाला सांगायचं होतं. पण तिने वळून खुर्चीवरच्या निळ्या गोधडीची कड तेवढी सारखी केली.