मामाचा घास

सौंदर्याच्या उष्टावणाला सगळं घर भरलं होतं. फक्त माझा भाऊ वीरेश अजून पोचला नव्हता. आमच्यात बाळाला पहिला घास मामा भरवतो, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून. आणि या मामाला एचआयव्ही आहे, हे आता साऱ्या भावकीला ठाऊक होतं. आदल्या दिवाळीला टीबीनं तो अंथरुणाला खिळला, तेव्हाच तपासणीत निघालं. दोन हजार सहा साल ते.

सासऱ्यांचे थोरले भाऊ, तात्या, सकाळीच मलकापूरहून आले होते. सोप्यात मांडी घालून, खोकत-खोकत म्हणाले, "विद्याश्री, दुसरा कोनतरी हुबा कर की. चुलत मामा हाय न्हवं?"

"सख्खा असताना चुलत कशाला, तात्या?"

"अगं, पोरीच्या तोंडाचा प्रश्न हाय! एवढी कॉलेज शिकलीस, कळत न्हाय व्हय?"

कळत होतं. बी.एस्सी.ला माझा विषयच सूक्ष्मजीवशास्त्र. पण आई झाल्यापासून तेव्हा पाठ केलेली एकेक ओळ मला भीती घालते. तरी तात्यांसमोर ती दाखवायची नाही, असं ठरवलं होतं. उमेदीच्या काळात तात्यांनी तालमीत मेहनत केलेली, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

"तात्या, तालमीत कुणाला धर, कुठला डाव टाक, हे पोरांना कोण सांगतं?"

"वस्ताद. आनि कोन?"

"रक्तातही एक वस्ताद असतो. पांढऱ्या पेशींतलीच एक जात. बाहेरचा जंतू आला की तो बाकीच्यांना हाका मारतो. हा विषाणू पैलवानांच्या नादाला लागतच नाही. सरळ वस्तादाच्या घरात शिरतो आणि त्याच्याच चुलीवर आपली पिलावळ पोसतो. वस्ताद मरतो, पिलावळ दुसऱ्याच्या घरात घुसते."

"आनि पैलवान?"

"असतात की. पण सांगणारा कोणी उरत नाही."

तात्या जरा पुढं सरकले. "मग मानूस लगीच का मरत न्हाय?"

"शरीर नवे वस्ताद घडवत राहतं ना. आठ-दहा वर्षं बाहेरून काही दिसत नाही. मग कधीतरी घडणारे कमी आणि मरणारे जास्त होतात. एरवी अंगात गुमान पडून राहणारा टीबीसुद्धा मग उरावर बसतो. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. वीरेश तिथवर जाऊन आलाय. आता रोज गोळ्या घेतो, चुकवत नाही. गोळ्यांनी पिलावळ वाढायची थांबते. वस्ताद वाढायला लागलेत, पण अजून कमीच आहेत. आणि हे घासातनं, लाळेतनं पसरत नाही. रक्तातनं पसरतं."

'रक्तातनं' म्हणताना माझी नजर सौंदर्याच्या तोंडाकडं गेली. सौंदर्याला नुकतेच दोन दात फुटलेले, सुईसारखे. आणि वीरेश कागलच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर कामाला. लोखंडाच्या किसानं त्याची बोटं कायम कापलेली.

तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या. वीरेश. तात्यांचं बोलणं बाहेरूनच कानावर गेलं असणार, कारण तो उंबऱ्यापाशीच थांबला. "आक्का, तूच भरव. मी हितनं बघतो."

मी त्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या बोटांकडं बघितलं. त्याच्या ते लक्षात आलं. रागावला नाही. दोन्ही पंजे माझ्यापुढं पसरले.

"बघून घे."

जुने व्रण होते, तेलाचे काळे डाग होते. ताजं खरचटलेलं कुठंच नव्हतं.

"सुपरवायझरला सांगून आठवडाभर पॅकिंगला बसलोय. मशीनला हात लावला न्हाय. पोरगी चावली तर तुझा जीव टांगणीला लागंल, म्हाईत हाय मला."

माझी भीती त्यानं माझ्याआधी ओळखली होती आणि तिची सोयही करून आला होता. त्या क्षणी वाटलं, साऱ्या कोल्हापुराला ओरडून सांगावं, हा माझा भाऊ आहे.

तात्या पुन्हा खोकले.

"तात्या, खोकला कधीपासून आहे?"

"असंल म्हैना. त्याचं काय?"

"मग तो टीबीचाही असू शकतो, आणि टीबी खोकल्यातनं पसरतो. आधी तुम्ही बाहेर ओसरीत जाऊन बसा. त्याच्याकडनं माझ्या पोरीला काही होणार नाही. तुमच्याकडनं मात्र त्याला होईल, आणि पोरीलाही. उद्या थुंकी तपासायला मीच घेऊन जाते तुम्हाला."

मग माझ्या सासूबाई, निर्मलाअव्वा, तोंडाला पदर लावून खदाखदा हसायला लागल्या. "उठा की भावजी! दुसऱ्याला उठवाय निघालतासा न्हवं?"

तात्या पटका सावरत उठले. ओसरीत जाऊन बसले, उपरणं तोंडावर धरलं आणि तिथून गरजले, "व्हय रं वीरेश, दारात काय हुबा? लेकरू भुकेलंय. घाल की घास!"

वीरेशनं हात स्वच्छ धुतले. खिशातून अंगठी काढली, तीही धुतली, खिरीत बुडवली. त्याचा हात स्थिर होता. मी सौंदर्याला मांडीवर घट्ट धरून त्याच्या बोटाकडं बघत होते. तिनं खीर चाटली आणि अंगठीसकट त्याचं बोट दोन दातांत पकडलं. त्यानं हात मागं घेतला नाही. तिनं सोडल्यावर मी बोट निरखून बघितलंच. नुसती खीर लागली होती.

दुसरा घास त्यानं मला न विचारता भरवला.