हानाबाईंचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि ऐंशी वर्षं माझं खरं काम कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकाने एका जागी स्वस्थ उभं राहावं अशी रीत आहे. मला ते कधी जमलं नाही. माझा मागचा डावा पाय बोटभर तोकडा आहे, त्यामुळे कुणी जवळून चाललं तरी मी डगडगतो. पायापेक्षाही माझं मन जास्त डगडगतं. त्याला कारण आहे, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छावणीत झाला. साल १९४२. जपानशी युद्ध पेटलं होतं. अमेरिकेच्या सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लाखाहून अधिक माणसांना घरांतून उठवलं आणि दूर माळरानांवर नेऊन कोंडलं. त्यांतले बहुतेक अमेरिकेतच जन्मलेले, तिथलेच नागरिक. गुन्हा काय, तर चेहरा. भोवती काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे, आणि मधे डांबरी कागद ठोकलेल्या बराकींच्या रांगा.

त्या माणसांत इतो नावाचे गृहस्थ होते. सिएटलजवळ ते स्ट्रॉबेरी पिकवायचे. हानाबाई त्यांची बायको. छावणीतल्या बौद्ध मंडळींनी एका बराकीतली शेवटची खोली मागून घेतली आणि तिथे आपला विहार केला. दुसऱ्या छावण्यांत काय रीत होती ते मला ठाऊक नाही. आमच्या विहारात पादत्राणं दाराशी काढून आत जायचं. बाहेर धूळच एवढी होती की काढली नसती तर बुद्धाच्या मूर्तीवरही थर बसला असता. पुष्कळ लोक टाकाऊ लाकडाच्या, तळाला दोन दाते असलेल्या खडावा करून घालत.

हानाबाईंचे गुडघे पार गेलेले होते. त्यांना वाकता येईना, एका पायावर उभं राहता येईना. दुसऱ्याने आपल्या पायाला हात लावायचा हे त्यांना पटत नसे. पहिले दोन रविवार त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या, तिथूनच हात जोडले आणि परत फिरल्या. तिसऱ्या रविवारी इतोंनी मला आणून दाराशी ठेवलं.

सफरचंदांच्या खोक्यांच्या फळ्या आणि बराकी बांधताना उरलेले तुकडे, यांतून मी झालो. लाकूड ओलं होतं, म्हणून एक पाय पुढे आकसला. माप मात्र इतोंनी चोख घेतलं होतं. हानाबाईंना उभं करून, त्यांच्या गुडघ्याला सुतळी लावून माझी उंची ठरवली. साध्या बाकापेक्षा चार बोटं जास्त. उजव्या हाताला धरून उठायला दांडी. खाली खडावा ठेवायला आडवी फळी.

त्या रविवारी हानाबाई माझ्यावर टेकल्या, खडावा खाली सरकवल्या, दांडी धरून उठल्या आणि आत गेल्या. मित्रांनो, तेवढ्यासाठीच मला केलं होतं. मग हळूहळू सगळेच बसायला लागले. म्हातारी माणसं, पोटुशा बायका, लहान मुलं. इतोंचं कौतुक व्हायचं आणि मी फुशारून जायचो.

तिसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने हानाबाई गेल्या. त्यानंतरही इतो दर रविवारी त्यांच्या खडावा घेऊन यायचे. त्या माझ्या फळीवर ठेवायचे, मग आत जायचे. छावणी बंद झाली तेव्हा त्यांच्या एका हातात पेटी होती, दुसऱ्या हातात त्या खडावा. मला न्यायला तिसरा हात नव्हता. मी रागावलो नाही. पण माझं स्वस्थपण गेलं ते तिथून.

पुढे ती बराक एका शेतकऱ्याने विकत घेतली. माझ्यावर बटाट्यांची पोती आली, मग कोंबड्या आल्या. कोंबड्यांबद्दल मी काही बोलत नाही. कैक वर्षांनी छावणीच्या जागी स्मारक झालं, तेव्हा त्या शेतकऱ्याच्या नातीने बराक परत दिली आणि बराकीबरोबर मलाही. मला वाटलं, आता तरी कुणी ओळखेल. तर माझ्यासमोर दोरी बांधली आणि पाटी लावली, 'भोजनगृहातला बाक असावा.'

असावा! माझ्यावर बसून जेवायचं तर माणसाला वाकून कुबड यायचं. तज्ज्ञ यायचे, मोजायचे, माना हलवायचे. दांडी म्हणे उचलून न्यायला, आणि खालची फळी म्हणे मजबुतीला. या उन्हाळ्यात एका शुक्रवारी दोन माणसं माझ्यापुढे उभी राहून बोलली की या बाकाची ओळख काही पटत नाही, जागा अपुरी आहे, सोमवारी याला मागच्या गोदामात टाकू. गोदाम म्हणजे काय ते मी जाणून होतो. पुन्हा अंधार, आणि हानाबाईंची गोष्ट माझ्याबरोबर कायमची मुकी.

माझ्या हाती एकच दिवस होता, शनिवारचा. शनिवारी मार्गदर्शकाबरोबर दिवसभराची फेरी असते. नाओमी नावाची तरुणी ती घेते. तिचे पणजोबा याच छावणीत होते. त्या दिवशी तिच्यामागे बाराएक माणसं आली. त्यांत नागपूरच्या गिरजाबाई होत्या. सिएटलजवळच्या रेडमंडला सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या मुलाकडे, अतुलकडे, त्या आल्या होत्या. सोबत नऊ वर्षांची नात आन्या. त्यांची भाषा मला कशी कळली ते विचारू नका. बाकाला ऐकण्यावाचून दुसरं काम काय असतं?

नाओमी दाराबाहेर सांगत होती, "सरकारी कागदांत या छावणीला 'पुनर्वसन केंद्र' म्हणायचे. आम्ही कॉन्सन्ट्रेशन कॅम्पच म्हणतो."

अतुलने ते मराठीत सांगितलं तशा गिरजाबाई म्हणाल्या, "नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. पण यांनी केलं काय होतं रे?"

"काही नाही, आई. सिटिझन होते, तरी उचलून आणलं." त्याने खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला. सकाळपासून त्याचं हेच चाललं असावं. "आपण तर नुसते व्हिसावर आहोत."

तिथे डगडगणारा मी एकटाच नव्हतो.

सगळे आत आले. नाओमीने समोरची रिकामी भिंत दाखवली आणि म्हणाली की या खोलीत बौद्ध विहार होता. अतुलने सांगताच गिरजाबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"विहार? काहून रे, आधी नाही सांगितलं? बूट घालून आत आली मी!"

"आई, आता म्युझियम आहे ते."

"असू दे."

त्या मागे वळल्या. टेकायला जागा शोधली, मी दिसलो. दोरी एका हाताने वर केली आणि सरळ माझ्यावर बसल्या.

"आजी, नो! यू कान्ट सिट देअर! देअर इज अ रोप!" आन्या ओरडली.

"माझ्या गुडघ्यांना दोरी दिसत नाही, बाळा."

"आई, प्लीज ऊठ. तुटला तर काय करायचं?" अतुलचा चेहरा उतरला होता.

मी तुटणार होतो थोडाच! तोकडा पाय एकदा करकरला, मग मी सगळ्या अंगाने त्यांना पेललं. गिरजाबाईंनी एक बूट काढला, दुसरा काढला, आणि न बघता खाली सरकवले. त्यांचा उजवा हात आपसूक दांडीवर गेला. दांडी धरून त्या एका दमात उठल्या.

"अगं बाई! घरी मला उठवायला दोघं लागतात. अगदी मापाचा आहे हा."

नाओमी रागवायलाच आली होती. पण ती माझ्यापाशीच थांबली. तिने माझी दांडी पाहिली, बूट पाहिले. मग अतुलला म्हणाली, "त्यांना सांगाल का, पुन्हा एकदा बसा म्हणून?"

"आत्ता तर ऊठ म्हणत होते," गिरजाबाई पुटपुटल्या, पण बसल्या. पुन्हा त्याच दांडीला धरून उठल्या. नाओमी गुडघ्यांवर बसली आणि तिने बूट अलगद बाजूला केले. खालच्या फळीवर खडावांच्या दातांचे ओरखडे होते, शेकडो, जोडीजोडीने. तिने त्यांवरून बोट फिरवलं.

"जेवायच्या टेबलाशी कुणी जोडे काढत नाही," ती सावकाश म्हणाली. "हा दारातला बाक आहे. कुणाचे तरी गुडघे दुखत होते."

मित्रांनो, तेव्हा मला रडू आलं. लाकडाला रडता येत नाही, ही फार मोठी अडचण आहे.

गिरजाबाईंनी रिकाम्या भिंतीकडे तोंड करून हात जोडले. मग नाओमीला म्हणाल्या, "माझी आजी देवळाबाहेरून हात जोडायची, पोरी. आत यायला मनाई होती आम्हाला. मग बाबासाहेबांनी आम्हाला बुद्ध दिला, आम्ही आमचा विहार केला. दाराबाहेर उभं राहणं काय असतं, ते कळतं आम्हाला." अतुलने हे तिला इंग्रजीत सांगितलं. सांगून झाल्यावर त्याने आपले बूट काढले, फोन एका बुटात ठेवला आणि आईशेजारी जाऊन उभा राहिला. आन्याने काढले, नाओमीने काढले. माझी फळी भरली.

सोमवारी ती दोन माणसं आली आणि त्यांनी मला उचललं, पण गोदामात नेलं नाही, दाराशी ठेवलं. दोरी आहेच, नियम तो नियम. पाटी मात्र नवी आहे. 'विहाराच्या दारातला, जोडे काढायचा बाक. गुडघे दुखणाऱ्या कुणासाठी तरी केलेला.'

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर ती किती जुनी आहे एवढंच विचारू नका. ती कुणासाठी केली होती तेही विचारा. तिला पुसून-झाकून ठेवाल तर ती टिकेल, पण विचाराल तर ती बोलेल. आणि जिथे तारांमागे, एका बाईच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी मला करावं लागलं, तशी जागा पुन्हा कुठे होऊ देऊ नका.

माझा तोकडा पाय अजून डगडगतो. कारण पाटीवर 'कुणासाठी तरी' असं लिहिलं आहे, आणि ते नाव ठाऊक असलेलं इथे माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. आता तुम्हाला ठाऊक आहे. त्यांचं नाव हाना होतं.