आवडाबाईंचं जन्मघर

टिटवाळ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या उत्तमरावांच्या घरापुढे त्या सकाळी मांडव घातला होता. रस्त्याच्या कडेला नवा काळा दगड बसवला होता आणि त्यावर कोरलं होतं, ‘आवडाबाई यांचे जन्मस्थान’. ही उत्तमरावांच्या आजोबांची थोरली बहीण. तिने त्या काळात दाईचं शिक्षण घेतलं आणि आसपासच्या गावांतल्या मुली हाताला धरून शाळेत बसवल्या. उत्तमराव आठवडाभर छाती फुगवून फिरत होते. फिरेनात का, बाई होतीच तशी.

पण त्याच घरात, मागच्या खोलीत, त्यांची सून प्राची रडून रडून थकली होती. पदरात एक मुलगी होती, संचिता. आता पुन्हा दिवस गेले होते. आदल्या दिवशी नवऱ्याने, मितेशने, तिला कल्याणच्या एका फ्लॅटमध्ये नेलं. तिथल्या माणसाने बॅगेतून यंत्र काढून तिच्या पोटावर फिरवलं आणि मितेशकडे बघून नुसती मान हलवली. पुन्हा मुलगीच. ती आज पाडायची ठरली होती. पुढच्या दारात पाहुणे येणार, म्हणून गाडी मागच्या गल्लीत उभी केली होती. लाज होती बरं का, फक्त लोकांची!

प्राचीने मितेशचे पाय धरले. तो म्हणाला, आईला विचार. ती सासूबाईंकडे, कलावतींकडे गेली, तर त्या तिचीच वेणी घालत राहिल्या.

“मी दोनदा जाऊन आले गं,” त्या हळूच म्हणाल्या. “मेले का मी? तू आधी दगडाला हार घाल, सवाष्णीचा मान आहे. फोटो झाले की गाडीत बस.”

तिने माहेरी फोन लावला. वडील म्हणाले, तुमच्या घरातलं तुम्ही बघा. आता या बाईने जायचं तरी कुठे?

पाहुणे जमले, दगडावरचा पडदा सरला. एका पुढाऱ्याने लेकी वाचवण्यावर भाषण ठोकलं. प्राचीने हळद-कुंकू वाहिलं, हार घातला. मितेशने मागून दंड धरला आणि चल म्हणाला. तिचे पाय हललेच नाहीत. ती दगडाला मिठी मारून खाली बसली.

“मागे गाडी उभी आहे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “माझ्या पोटात मुलगी आहे, ती पाडायला नेतायत मला. मी नाय जाणार. ती याच घरात जन्माला येणार.”

पुढाऱ्याला दुसरा कार्यक्रम आठवला. शेजारणी चपला शोधू लागल्या. त्यांतल्या कितीजणींना त्या फ्लॅटचा जिना ठाऊक होता, देव जाणे. उत्तमराव कलावतींना म्हणाले, उठव तिला.

कलावती पुढे झाल्या. सगळ्यांना वाटलं, आता ओढून नेणार. त्या सुनेशेजारी मातीतच बसल्या.

“माझ्या दोघी,” एवढंच त्या बोलल्या आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडू लागल्या.

गाडी रिकामीच परत गेली. दगड रस्त्यावर आहे, जाता-येता दिसतो. त्याला हात जोडायची घाई करू नका. आधी आपल्या घराच्या मागच्या गल्लीत जाऊन या, तिथे गाडी उभी नाही ना, तेवढं बघा.